चार नंबर क्लिअर

मी डावखुरी आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमची नेमबाजीची रेंज आहे. तिथे पहिल्याच दिवशी मी एअर रायफल डाव्या खांद्याला लावली आणि उस्ताद म्हणाले, उजव्या हातानं धर. पंचायत समितीत कारकुनी करणारी, तिशी ओलांडलेली बाई नेमबाजी शिकायला आली याचं त्यांना काही वाटलं नाही. खुपला तो माझा डावा हात. पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा तरी त्यांनी तो विषय काढला, आणि दर वेळी मी नकार देऊन घरी जाऊन भांडी आपटली. डाव्या हाताने जेवते म्हणून लहानपणी पुरेसा मार खाल्ला होता. आता आणखी कुणाचं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

उस्ताद फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळी नोकरी जवानांना फायरिंग शिकवण्यात गेली. बायको वारली, मुलगा पुण्याला. सकाळी शेडचं शटर वर करायचे ते संध्याकाळीच खाली ओढायचे. शिस्त कडक. रेंजवर गप्पा बंद. काही विचारायचं असेल तर समोर येऊन विचारायचं. मागून हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नसत. आम्ही त्याला फौजी तोरा म्हणायचो, आणि बघायला येणारे पाहुणे तिथल्या शांततेचं कौतुक करून जायचे.

सहा लेन, दहा मीटरवर टार्गेटचे कागद. ते बदलायला चालतच पुढे जावं लागे, आणि ते काम उस्ताद कुणाला करू देत नसत. त्याची एक रीत होती. छर्रे संपले की रायफल उघडून टेबलावर ठेवायची आणि मोठ्याने "क्लिअर" म्हणायचं. सगळे क्लिअर झाले, की उजव्या भिंतीपाशी गळ्यात शिट्टी अडकवून खुर्ची टाकून बसलेले उस्ताद उठायचे आणि भिंतीच्या कडेने पुढे जायचे. एअर रायफल म्हणजे खेळणं, असं लोकांना वाटतं. तेवढ्या अंतरावरून डोळा जातो.

त्या बुधवारी संध्याकाळी रेंजवर आम्ही दोघंच होतो. मी चार नंबरला आणि कराडच्या कॉलेजातले एक प्राध्यापक पाच नंबरला. रविवारी आमच्याच शेडमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि मला संघात यायचंच होतं. प्राध्यापकांचं झालं. "क्लिअर" म्हणून ते फोन घ्यायला बाहेर गेले. माझा दहावा छर्रा बाकी होता.

मी रायफल उचलली. हात हलायला लागला म्हणून खाली घेतली. तसंच करायचं असतं, उस्तादांनीच शिकवलेलं. डोळे मिटून तीन श्वास घेतले आणि पुन्हा उचलली. गाल लाकडाला टेकला, काळं वर्तुळ मधोमध आलं. ट्रिगरचा पहिला दाब घेतला. आता जरासा दुसरा दाब, की झालं.

आणि वर्तुळ दिसेनासं झालं. तिथे खाकी रंग आला.

ती उस्तादांची पाठ होती. माझं बोट ट्रिगरवरून निघायला केवढा वेळ लागला, ते अजून मला सांगता येत नाही. मी नळी जमिनीकडे केली आणि ओरडले, "उस्ताद!" आमच्या दोघांच्या कागदांच्या मधे उभे राहून ते शांतपणे प्राध्यापकांच्या कागदाच्या टाचण्या काढत होते. दुसऱ्यांदा एवढ्या जोरात ओरडले की घसा दुखला. त्यांची मानही वळली नाही. मग ते एक पाऊल डावीकडे सरकले आणि माझा कागद काढायला लागले.

रायफल उघडून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मागे बांधून मी उभी राहिले. ते कागद बघतच परत आले.

"नऊच भोकं हायेत. धावं कुठाय?"

मी रायफलीकडे बोट दाखवलं. त्यांनी रायफल बघितली, मग जिथे आत्ता उभे होते ती जागा बघितली आणि खुर्चीवर बसले. मी समोर गेले. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, तुम्हाला ऐकू येत नाही का?

"तीन वर्सं झाली," ते म्हणाले. "डावा कान पार गेलाय. उजव्यानं जरा गुणगुण येती."

फौजेत फायरिंगच्या आवाजात कानात नुसता कापसाचा बोळा घालून त्यांनी सारी वर्षं काढली होती. समोरच्याचं तोंड दिसलं की त्यांचं भागायचं. उजव्या हाताचे नेमबाज उभे राहतात ते उजव्या भिंतीकडे तोंड करून, म्हणून खुर्ची तिथे. मी डावखुरी, एकटीच त्यांच्याकडे पाठ करून उभी. मी रायफल खाली घेतली तेव्हा, माझं झालं, असंच त्यांना मागून वाटलं.

"डाव्या हाताचा राग न्हवता पोरी. क्लिअर म्हनताना तुझं त्वांडच दिसायचं न्हाई मला."

दोन वर्षांचा माझा राग एका क्षणात फुकट गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. रविवार होऊ दे, मग मी रेंजच्या कमिटीला सांगतो, असं ते म्हणत होते. शिट्टी काढून घेतली तर दिवसभर घरात काय करू, असंही म्हणाले. मला रडू येत होतं. पण रविवारी सहाही लेन भरलेल्या असणार होत्या, त्यात शाळेतली मुलंही होती.

"आवं उस्ताद, एवढ्यात तुमी वळला असता तर माझ्याकडनं तुमचा डोळा गेला असता. तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते."

गुरुवारपासून तीन दिवस मी रेंजवर फिरकले नाही. घरी माझ्या रिकाम्या रायफलीच्या नळीवर रुपया तोलून नेम धरायचा सराव करायला गेले, तर तो दर वेळी खाली पडला.

रविवारी मी गेले ती सांगायची तयारी करूनच. उस्ताद इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांसमोर उभे होते. "मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "बुधवारी ह्या बाईनं बोट आवरलं म्हनून मी तुमच्यापुढं हुबा हाय." त्यांनी शिट्टी कमिटीच्या टेबलावर ठेवली. शिरवळहून मुलीला घेऊन आलेल्या एका निवृत्त हवालदारांनी शिट्टी उचलली. उस्तादांना थांबा असं कुणी म्हटलं नाही आणि जा असंही नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि डाव्या भिंतीपाशी नेऊन ठेवली.

मी पुन्हा चार नंबरला होते. नेम धरला की मधे खाकी पाठ दिसायची, आणि मी रायफल खाली घ्यायचे. संघात माझी निवड झाली नाही. शेवटचा छर्रा मारून मी रायफल उघडून ठेवली आणि "क्लिअर" म्हटलं. पण आवाज फुटलाच नाही. सगळे माझ्यासाठी थांबले होते.

"चार नंबर?" हवालदारांनी विचारलं.

उस्ताद माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात वर केला.

"चार नंबर क्लिअर हाय," ते म्हणाले, आणि हवालदार कागद काढायला पुढे गेले.