प्रभावतीची पहिली तक्रार

प्रभावती मगदूमच्या तोंडून कधी तक्रार निघाली नाही, असं कसबा बावड्यात तिला ओळखणारं कुणीही सांगेल. बी.एस्सी. होऊन ती गुळाच्या अडत्यांच्या घरात सून म्हणून आली. नवरा नेमगोंडा तिला स्कूटरवर मागे बसवून हुपरीला माहेरी न्यायचा आणि वाटेतला एकही खड्डा सोडायचा नाही. उतरल्यावर विचारायचा, त्रास झाला का? ती म्हणायची, छे, काही नाही. रुचिताच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही तिने आधी भाकऱ्या पुऱ्या केल्या आणि मग सांगितलं. पुढे कंबर धरली, ती कायमची. उत्तर मात्र बदललं नाही.

तीच रुचिता आता इंजिनिअर होऊन घरामागच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्या उघडून बसायची. पोरीनं पुण्याला नीट नोकरी करावी, असा बापाचा हट्ट होता. वाद घालून घालून शेवटी एवढं ठरलं, की विजयसिंह घाटग्यांची गाडी जमली तर शेड राहील, नाही जमली तर पुणे. पोर लांब जाणार या विचारानेच प्रभावतीला घास उतरत नव्हता. पण तेही ती कुणाला बोलली नव्हती.

विजयसिंहांची फाउंड्री होती आणि हौस म्हणून घेतलेली दोन सीटची लालभडक स्पोर्ट्स कार. वळणावर झुकू नये म्हणून त्यांनी कुठूनशी कडक स्प्रिंग बसवून आणली होती. तेव्हापासून त्यांची बायको निशिगंधा म्हणायची, तुमच्या गाडीपेक्षा मी उसाच्या ट्रॉलीत बसून येईन. त्यांना आता दोन्ही हवं होतं. गाडीनं पन्हाळ्याच्या घाटात रस्ता धरायला हवा आणि बायकोनं शेजारी बसायला हवं. परीक्षा रविवारी.

रुचिता कामाला लागली तशी प्रभावतीही शेडमध्ये घुटमळू लागली. पोरगी हात काळे करत समजावायची. कडक स्प्रिंगनं गाडी झुकत नाही हे खरं, पण खराब रस्त्यावर चाक उडतं, आणि उडालेलं चाक रस्ता काय धरणार? म्हणून तिने स्प्रिंग मऊ घेतली आणि झुकणं थोपवायला दोन्ही चाकांना जोडणारी खालची आडवी दांडी जाड बसवली. राहिले शॉकअप. त्यांना दोन स्क्रू होते. धक्का बसताना गाडी किती सहज दबावी ते एकावर, दबल्यावर किती सावकाश उठावी ते दुसऱ्यावर.

शेजारच्या सीटवर वजन हवं म्हणून बापाच्या दुकानातले गुळाचे रवे, चांगल्या जड ढेपा, पोत्यात बांधून ठेवले. साखर कारखान्याच्या रस्त्यावर, जिथं उसाच्या ट्रॅक्टरांनी डांबराची चाळण केली होती, तिथं दोन फेऱ्या झाल्या. गूळ गप्प बसला होता. मग रुचिताने आईला बसवलं.

"कसं वाटलं?"

"छान की. काही त्रास नाही."

रुचिताने स्क्रू पिळला, पुन्हा फेरी मारली. छान. उलटा पिळला. तरी छान. शनिवार उजाडला आणि गाडी होती तिथंच होती. आणखी एका फेरीवरून परत आल्यावर रुचिताने इंजिन बंद केलं. आईच्या मुठीकडे तिचं लक्ष गेलं. दाराची मूठ प्रभावतीने इतकी आवळली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"आई, गूळ बोलत नाही म्हणून तुला बसवलं. तूही बोलणार नसशील तर मी पुण्याची बॅग भरते."

 प्रभावतीने मूठ सोडली.

"कंबर मोडली माझी," ती म्हणाली. "बारीक खड्डा आला की खालून कुणी लाथ घातल्यासारखं होतंय. आणि स्पीडब्रेकर उतरला की गाडी दोनदा डुलते, पोटात ढवळतं."

रुचिता तिच्याकडे बघतच राहिली. मग हसतच गाडीखाली शिरली. दाबायचा स्क्रू सैल केला, उठायचा आवळला. आधी नेमकं उलटं झालेलं होतं. त्या दुपारी मायलेकींनी तो रस्ता अक्षरशः पिंजून काढला. प्रभावती एकेका धक्क्याला नावं ठेवत होती, आवाज चढवत होती, रुचिता उतरून स्क्रू फिरवत होती. ऊस भरलेल्या ट्रॉल्यांवरचे लोक माना वळवून बघत होते. संध्याकाळच्या फेरीत वळणावर गाडी झुकली नाही, पुढचा खड्डा तिने गिळला, आणि प्रभावतीला नाव ठेवायला काही सापडलं नाही. 

रविवारी विजयसिंह आणि निशिगंधा पन्हाळ्याला गेले. नेमगोंडा पेपर उलटा धरून बसला. प्रभावती फाटकापाशी उभी राहिली ती राहिलीच.

ऊन चढल्यावर लाल गाडी आली. निशिगंधा आधी उतरली.

"पुढच्या रविवारी मला गगनबावड्याला न्यायचं," ती नवऱ्याला म्हणाली. "याच गाडीतनं."

विजयसिंह रुचिताला वळणा-वळणाचं सांगत सुटले. फाउंड्रीतल्या दोन मित्रांच्या गाड्याही तिच्याकडेच पाठवतो म्हणाले. नेमगोंडाने पेपराची घडी घातली आणि शेडची किल्ली लेकीच्या हातात दिली. मग त्याचं लक्ष बायकोकडे गेलं.

"केव्हाची उभी आहेस. कंबर दुखत असेल की."

"छे," प्रभावती म्हणाली, आणि थांबली. लेक बघत होती.

"दुखते. रोजच दुखते. खुर्ची आणा बघू, आणि चहा तुम्हीच टाका."