जेलच्या नावाने निघालेली पोटगी

माझ्या भाचीच्या नवऱ्याने वर्षभर पोटगीचा एक रुपया दिला नाही. मुलगी भाचीकडे. गोडाऊनमध्ये दिवसभर उभ्याने पॅकिंग करून ती जमेल तशी शाळेची फी भरत होती. शेवटी कोर्टाचं वॉरंट निघालं, पोलिसांनी त्याला शेलार गावाहून कोर्टात आणलं, आणि जज्जसाहेबांनी सांगितलं, थकलेले सगळे भर, नाहीतर आत जा.

"काम न्हाय साहेब, पावरलूम बंद पडल्यात," तो इतक्या गरीब आवाजात म्हणाला, की माझाच हात खिशाकडे गेला.

बाहेर व्हरांड्यात त्याची आई भाचीला म्हणाली, "नवऱ्याला जेलात धाडून तुझं पोट भरंल का गं?"

अशा वेळी उत्तर मामाने द्यायचं असतं. मी बरीच वाक्यं तयार केली होती, धामणकर नाक्यापर्यंत रिक्षात मनात घोळवलीही होती. ऐन वेळी म्हणालो काय, तर "बघ बाय, आत गेला तर कमावणार कसा?"

"मामा, तुम्ही कोणाचे मामा?" भाची म्हणाली. "बाहेर होता तेव्हा काय कमावून देत होता?"

मी चहा आणायला गेलो. त्या कामात मी तरबेज आहे.

त्याला न्यायची गाडी दारात लागली, तसा त्याचा थोरला भाऊ स्कूटरवरून आला. पिशवीत सगळी थकबाकी. त्यांच्या जमिनीवर बांधलेल्या गोडाऊनचं भाडं आईच्या नावावर येत होतं, हे तेव्हा कळलं. पैसे भरले, तो सुटला.

माझं डोकं फिरलं ते तिथे. म्हणजे पैसे होते. फी थकली म्हणून पोर वर्गाबाहेर बसली, तेव्हाही होते. पोटगीसाठी माणसाला आत टाकणं जरा जास्तच, असं कोणी लग्नाच्या हळदीत म्हणालं की मीही मान हलवायचो. जास्त कसलं? ज्याच्याकडे खरंच नाही, त्याचं साहेबांनी वेगळं बघावं, माझी हरकत नाही. पण या घराने एका पोरीचं वर्ष खाल्लं आणि जेलचं नाव काढल्याशिवाय पिशवीचं तोंड सोडलं नाही. खोटं बोलल्याची शिक्षा तर कोणालाच नाही.

थोरला जवळ आला. "झालं ना आता? केस मागं घे."

"पुढचा महिना वेळेवर येऊ दे, दादा. मग मी कशाला येते इथं?"

"मामा, समजवा की हिला," सासू म्हणाली.

"आधी तुम्ही लेकाला समजवा," मी म्हणालो. आवाज कापत होता, रागाने की सवय नाही म्हणून, कोण जाणे.