राहूदे आणि त्यांची दोन टिंबं

आमच्या समोरच्या दारात जे गृहस्थ राहतात त्यांना सगळे राहूदे म्हणतात. आडनाव नव्हे ते. काहीही बदलायची गोष्ट निघाली की हात आडवा करून "राहू दे" म्हणायची त्यांना खोड, म्हणून. त्यांच्या दाराला घंटा एक आणि बटणं दोन आहेत. नवं बटण बसवून झाल्यावर दुरुस्तीवाला जुनं उखडायला गेला, तर हे मध्ये उभे. "पेपरवाल्याचं बोट इथं जातं. राहू दे." न्हाणीघराच्या दिव्याचंही तेच. नवं बटण हाताशी, जुनं दाराआड, दोन्ही चालू. त्यांची बायको म्हणते, "बरं झालं, माझ्याआधी कोणी नव्हती. नाहीतर तीही राहिली असती!"

ही खोड त्यांना नोकरीनं लावली की खोडीमुळं नोकरी टिकली, यावर शेजाऱ्यांत दोन तट आहेत. मी दोन्हींत आहे. चहा दोन्हीकडे मिळतो.

नोकरी अशी. एका यंत्रावरच्या फायली दुसऱ्या यंत्रावर बसून उघडायच्या, तर मध्ये नेटवर्कवरून ने-आण करणारा कोणीतरी लागतो. राहूद्यांच्या कंपनीनं तो बनवलाय. त्याला ते लायब्ररी म्हणतात. तिथं मासिकं मिळत नाहीत, मी विचारून आलोय. बाहेरच्या लोकांचे प्रोग्राम त्या लायब्ररीला ठरलेल्या हाका मारतात. फाईल उघड, वाच, बंद कर, अमक्या फोल्डरात काय काय आहे ते सांग. हाकेचं नाव ठरलेलं, उत्तराची तऱ्हा ठरलेली. आत काय उलथापालथ करायची ती करा, पण हाक तीच आणि उत्तर तेच, हे राहूद्यांचं व्रत. कोणी कुठं बसून त्या उत्तराच्या भरवशावर काय उभं केलंय, कोणाला ठाऊक? नवं काही सुचलं तर शेजारी नवी हाक जोडा. जुनी राहू दे.

एवढ्या सोवळ्या माणसाच्या धुतल्या कपड्यावर एकच डाग होता, आणि तो मला माहीत असल्यामुळं सगळ्या इमारतीला माहीत होता. अगदी नवखे असताना त्यांनी ती "फोल्डरात काय आहे" वाली हाक लिहिली. उत्तरात फक्त फायली यायला हव्यात, असं माहितीपत्रकात त्यांनीच लिहिलं होतं. पण यंत्र फायलींच्या आधी दोन नोंदी देतं, एक टिंब आणि दोन टिंबं. पहिलीचा अर्थ हे फोल्डर स्वतः, दुसरीचा अर्थ याच्या वरचं फोल्डर. म्हणजे घरात कोण कोण आहे विचारलं, की आधी "घर", मग "जिना", आणि मग माणसं. त्या दोन नोंदी गाळायला राहूदे विसरले. लक्षात आलं तोवर लायब्ररी गावोगाव पोचली होती, आणि पोचलेलं उत्तर बदलायचं नाही हा नियमही तोवर त्यांनीच करून ठेवला होता. झालं! ऑफिसात नवं माणूस आलं की पाणी कुठं मिळतं ते दाखवल्यावर त्याला राहूद्यांची टिंबं दाखवायची, असा रिवाजच पडला.

ज्यांना ती दाखवली गेली त्यांत एक हुशार मुलगी होती. ती मोठ्यानं हसली. पुढं तीच त्यांची सून झाली. कशी, तेही सांगतो. त्या सुमाराला राहूदे रोज चष्मा घरी विसरू लागले आणि मुलगा तो रोज ऑफिसात पोचवू लागला. चष्मा मुलगाच लपवतो, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. राहूद्यांच्या बायकोनं मला दारातून परत पाठवलं होतं.

सासरा आणि सून एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर. सून म्हणे, "बाबा, या जुन्या हाका म्हणजे अडगळ आहे. एकदाची कात्री लावू या." सासरा म्हणे, "राहू दे." घरी जेवताना मुलगा मध्ये बसे आणि दोन्हीकडे भाजी वाढे.

मग निवृत्ती जवळ आली, आणि आमच्या राहूद्यांच्या मनात काही वेगळंच शिजायला लागलं. मला म्हणाले, "मी गेल्यावर काय उरणार रे माझं? दोन टिंबं. लोक हसणार." मी म्हटलं, "हसतील तर हसू दे, आठवण तर राहील." हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

लायब्ररीची नवी आवृत्ती निघायची होती. आधी चाचणीची प्रत काही ठिकाणी लावतात. तीत राहूद्यांनी, कोणाला पत्ता लागू न देता, ती दोन टिंबं गाळून टाकली. जन्मभर दुसऱ्यांचे हात धरणाऱ्या माणसानं स्वतःचा हात मात्र मोकळा सोडला.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बिस्किटं संपवत बसलो असताना दाराची घंटा वाजली. जुन्या बटणानं. पाठोपाठ विहीणबाई आत आल्या, म्हणजे सुनेची आई. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. बाई अशा, की समोरच्याला हसायला सांगितलं तर त्यानं घाबरून हसावं.

"व्याही, माझं नाक कापलं गेलं हो!" त्या खुर्चीत बसल्या. "शाळेच्या ओळखपत्रांचं काम होतं. प्रत्येक वर्गातली पहिली दोन मुलं गायब! मुख्याध्यापिका विचारते, तुमच्या कॅमेऱ्याला पहिला बाक दिसत नाही का? परवा पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या स्टुडिओला देणार म्हणाली."

"फोटो काढलेत ना पण?" राहूद्यांच्या बायकोनं विचारलं.

"काढलेत म्हणजे? फोल्डरात आहेत! छापायच्या वेळी पळतात. वर्गावर्गातून दोन-दोन!"

राहूदे कपात बघत होते. चोराच्या मनात चांदणं. मी बिस्किट तोंडातच धरून ठेवलं.

सून ऑफिसातून आली ती चपला काढता काढताच ऐकत होती. एकदम म्हणाली, "आई, तो छपाईचा प्रोग्राम मी कॉलेजात असताना लिहिलेला ना?"

"तूच. आणि आजवर चांगला चालला होता."

सून कपाळाला हात लावून खाली बसली. "त्यात मी उत्तरातल्या पहिल्या दोन नोंदी टाकून देते. न बघता. पहिली दोन टिंबंच असायची, म्हटलं बघायचं कशाला?" मग तिची मान हळूहळू सासऱ्याकडे वळली. "आता तुझ्याकडे चाचणीची प्रत लावलीय, आणि तीत टिंबं आलीच नाहीत तर मुलं जातात. बाबा?"

"गाळली मी," राहूदे म्हणाले.

"तुम्ही?"

"चूक होती ती. दुरुस्त केली." आवाज अगदी बारीक झाला होता. "जाता जाता पाटी कोरी करून जावी म्हटलं. तूसुद्धा हसली होतीस की पहिल्या दिवशी!"

विहीणबाई बोलल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुमची चूक आणि हिचा आळस यांनी मिळून माझा धंदा चालवला?"

"तसंच," मी म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

राहूदे सुनेकडे सरकले. "अगं, तुझा प्रोग्राम सुधार. एका ओळीचं काम. मग टिंबं गेली तरी काही बिघडत नाही."

"आईचा आजच सुधारते. लाज वाटायला हवी मला." ती उठली. "पण बाबा, आईच्या घरची मुलगी तुमच्या घरात आहे म्हणून हे आज कळलं. ज्यांची नाही, त्यांचं काय? माझ्यासारखे आळशी किती असतील बाहेर! कोणाच्या दवाखान्यातले पहिले दोन रोगी जातील, त्यांनी कोणाच्या दारावर घंटा वाजवायची?"

"मग माझं तोंड काळंच राहणार?"

तिनं सासऱ्यासारखाच हात आडवा केला. "राहू दे, बाबा."

राहूद्यांची बायको एवढी हसली, की कपबश्या उचलायला आली होती ती भिंतीला टेकली. राहूदे चिडले. मग अर्ध्यावर त्यांना ते चिडणं जमेना. इतकी वर्षं जे लोकांना ऐकवलं ते ऐकून घेताना माणूस कसा दिसतो, ते मी डोळे भरून बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी टिंबं परत आपल्या जागी आली. शेजारी सुनेनं नवी हाक जोडली. तिचं उत्तर स्वच्छ, नुसत्या फायली. जुन्या हाकेच्या डोक्यावर तिनं टीप लिहिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी: "हे चुकलेलं आहे, हे आम्हाला माहीत आहे. लोक यावर विसंबून आहेत. हात लावू नये." राहूद्यांनी ती वाचली आणि फक्त "लोक"च्या आधी "बरेच" घालायला सांगितलं. "बरेच लोक," म्हणे. तेवढा तोरा चालायचाच.

शाळेची राहिलेली ओळखपत्रं सुनेनं स्वतः छापून पोचवली. मुख्याध्यापिकेनं काम विहीणबाईंकडेच ठेवलं, पण पहिल्या बाकावरून टोमणा मारायचं अजून सोडलेलं नाही.

निरोप समारंभ ऑफिसातच झाला. भाषणं व्हायची तशी झाली. सर्वांत शेवटी फोटो. विहीणबाईंनी कॅमेरा उभा केला आणि सगळ्यांना रांगेत दटावून उभं केलं. डावीकडून पहिले राहूदे, दुसरी त्यांची बायको. बायको ओरडली, "अहो विहीणबाई, आम्ही पहिले दोघं! छापताना येऊ ना आम्ही?"

"ते माझ्या हातात नाही, तुमच्या यजमानांना विचारा."

राहूद्यांनी चष्मा सारखा केला आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे मान वळवली. "येऊ. सून नोकरीवर आहे तोवर येऊ."

म्हणून त्या फोटोत राहूद्यांचा चेहरा कॅमेऱ्याकडे नाही, सुनेकडे आहे. विहीणबाई म्हणाल्या पुन्हा काढू या. कोण काय म्हणालं असेल, ते मी सांगायला नको.