नव्या साडीतली वेचणी

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहाचे दोन कप मांडून बसलो होतो. दारव्ह्याचा बाजार होता, आणि बाजाराच्या दिवशी ते यायचेच. दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस तीस वर्षं माझा मित्र होता. दुसरा कप कितीतरी वेळ तसाच राहिला...

त्यांना एकदा रद्दीत एक जाड पुस्तक सापडलं. नॉर्वे-स्वीडनकडच्या जुन्या चित्रकारांचं. तळ्याकाठची लाल घरं, गवत गोळा करणाऱ्या पोरी. सगळ्यांचे कपडे कोरे करकरीत, हातावर ओरखडा नाही. रशीदभाई त्यावर फिदा होते. माझ्या बायकोनं, सुमित्रानं, पानं उलटून विचारलं, ‘‘असे नवे कपडे घालून कोणी वावरात जाते का, भाऊ?’’ बोंडांची टोकं लागून आमची बोटं फाटतात, चिंध्या बांधून कापूस वेचावा लागतो, असंही तिनं सुनावलं. ते हसले. ‘‘कष्ट तं रोजच दिसते, वहिनी. माणूस कधी नटलेलाबी पाहून घेतला पाहिजे.’’

सुमित्रा गेली आणि काही महिन्यांनी ते तिचं चित्र घेऊन आले. कापसात उभी, अंगावर हिरवी नवी साडी, हात नितळ. घरात तिचा एक धड फोटो नव्हता, चेहराही मला नीट आठवेनासा झाला होता, आणि त्यात ही भलतीच बाई. मी भडकलो. ‘‘हे सुमित्रा नव्हे. हे तुमच्या पुस्तकातली बाई हाय. न्या वापस.’’

ते चित्र घेऊन गेले. पुढेही दर बाजाराला आले, चहा प्याले. चित्राचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. मला ते परत हवं होतं, पण मागायची लाज वाटली.

रशीदभाईंच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर त्यांची मुलगी शबाना ते चित्र घेऊन आली. साडी तीच, हिरवी, नवीकोरी. बोटांवर मात्र आता चिंध्या होत्या. नव्या साडीवर चिंध्या कशा, मी विचारलं.

‘‘माझ्या लग्नात काकू अशाच आलत्या ना,’’ शबाना म्हणाली. ‘‘वेचणीचे दिवस होते. हात पदराखाली लपवून राह्यल्या होत्या. अब्बानं पाह्यलं होतं.’’

चित्र आता स्वयंपाकघरात आहे. मी एकच कप चहा करतो आणि त्या बोटांकडे बघत पितो. घर फार मोठं वाटतं. त्या लग्नाला मीच तिला गाडीवर मागे बसवून नेलं होतं. सगळ्या रस्त्यात तिचा हात माझ्या खांद्यावर होता.