बिबट्यांच्या सोयरिकी जुळवणारी

बायकोलाही आजवर सांगितलं नाही ते लिहितो. इथे आखातात, दार्सैतमधलं आमचं बिऱ्हाड, बायकोचा व्हिसा, मुलीची शाळा, हे सगळं एका बिबट मादीच्या जिवावर आणि एका बाईच्या नावावर उभं राहिलं. मी जे केलं त्याच दिवशी मादी मेली. बाई पुढे काही वर्षांनी गेल्या. मी पन्नाशी ओलांडली आणि साखर सोडून दुसरी काही तक्रार नाही.

बाईंना तुम्ही पाहिलं असतं तर पहिल्यांदा हसला असता. डोक्यावर पुरुषी टोपी, गळ्यात क्रूस, पायात रबरी बूट, आणि पिंजऱ्यासमोर उलट्या बादलीवर बसलेल्या. हात मांडीवर. जणू कुणाच्या घरी मुलगी बघायला आल्यात आणि अजून चहा आलेला नाही. कुणी विचारलं, "बाई, कधी सोडायचे दोघांना एकत्र?" की हनुवटीने जाळीपलीकडच्या मादीकडे दाखवायच्या.

"मला काय विचारतोस? तिला विचार."

हे नव्वदच्या दशकातलं. रुस्ताकच्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी, एका बड्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, खासगी केंद्र होतं. तिथे अरबी बिबटे पाळत आणि त्यांची वीण वाढवत. आपल्याकडच्या बिबट्याहून हे जनावर लहान, रंगाने फिकं. डोंगरात मोजके उरलेले. आसपासच्या देशांतल्या अशाच केंद्रांनी मिळून ठरवलं होतं की जनावरं एकमेकांना उसनी द्यायची, नात्यात जोड लागू द्यायची नाही, आणि कोण कुणाकडे जाईल ते एकीनेच ठरवायचं. ती एक म्हणजे आमच्या बाई. वसईच्या ख्रिश्चन, मुंबईत जनावरांच्या डॉक्टर झालेल्या. मी रत्नागिरीकडचा, खोत, पिंजऱ्यांच्या दारांचा आणि मांसाचा जिम्मेदार. माझ्याबरोबर सालेम, सलालाच्या डोंगरातला, वयाने मोठा.

बाईंचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं असे. पलीकडे दुसऱ्या देशातला कुणी साहेब. इकडे बाई इंग्रजीत गोड बोलत आणि मध्येच रिसीव्हरवर हात ठेवून मला सांगत, "मुलगा देतो म्हणतोय, पण याची मावशी आणि आपल्या मुलीची आजी एकच. असल्या घरात मी मुलगी देणार नाही." मग परत इंग्रजी. सालेमला मराठी कळत नसे, पण सूर कळे. तो म्हणायचा, "मॅडम, जल्दी शादी करो, खलास." बाई म्हणायच्या, "तुम्हारा दो हो गया, तुमको क्या जल्दी?"

शुक्रवारी बिबट्यांना उपास असायचा. पिंजऱ्यातलं मांसाहारी जनावर आठवड्यातून एक दिवस रिकामं ठेवतात, पचनाला बरं. बाई म्हणत, "माझे बिबटे पक्के कॅथलिक. शुक्रवारी मांसाला तोंड लावत नाहीत." मी म्हणायचो, "नाही बाई, रोजे धरतात. आमचेच आहेत." "बाप्तिस्मा मी केलाय," असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

आणखी एक रिवाज त्यांनीच पाडला होता. नाताळात आम्ही त्यांचं काम बघायचं आणि ईदला त्यांनी आमचं. ईदच्या सकाळी त्या स्वतः पिंजरे झाडायच्या, म्हणजे आम्हाला नमाजला आणि घरी जाता यावं. एवढ्या शिकलेल्या बाईने झाडू मारायचा म्हणून सालेम पहिल्या वर्षी भांडला. पुढे तो त्यांना बिनदिक्कत सांगू लागला, "मॅडम, तीन नंबर का पानी गंदा है, ईद को देखना."

आता त्या मादीबद्दल. सालेम तिला बिन्त म्हणायचा, म्हणजे पोर. ती डोंगरातून पकडून आणलेली होती. कुठल्याच केंद्रातल्या कुठल्याच जनावराशी तिचं नातं नव्हतं. बाकी सगळे पिंजऱ्यात जन्मलेले, एकमेकांचे चुलत-मावस. बाई म्हणत, "खोत, बाकीचे सगळे मिळून एक घर आहे. दुसरं घर ही एकटी." तिला पिल्लं झाली तर त्या सगळ्या जातीत नवं रक्त येणार होतं. ती तशीच मेली तर ते घर बंद. हे मला माहीत होतं. मला नीट समजावून सांगितलं होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

तिच्यासाठी बाईंनी शेजारच्या देशातून नर मिळवला. ते लोक द्यायला तयार नव्हते. बाई वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागल्या, स्वतः जाऊन आल्या, आपल्या नावावर हमी दिली. नर आला तेव्हा आम्ही त्याला घरजावई म्हणू लागलो. दोघांचे पिंजरे शेजारी, मध्ये जाळी, जाळीत एक सरकतं दार. बाईंचे नियम तीन. मादी आपणहून जाळीला अंग घासून लोळू लागली पाहिजे. दोघांची पोटं भरलेली पाहिजेत. आणि आसपास परका माणूस नको. बिबट्याचा नर मादीच्या दीडपट. एका क्षणात मान धरतो.

बिन्त तोवर जाळीपाशी येऊन फिस्कारत होती. बाई बादलीवर बसून होत्या.

माझं वेगळंच चाललं होतं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, बायको गावी, मुलगी मला फोनवर 'काका' म्हणाली होती. घरच्यांना आणायचं तर केंद्राच्या मुदीरची, म्हणजे व्यवस्थापकाची, सही लागे. तो दर वेळी म्हणायचा, इन्शाल्ला. बाईंनी माझ्यासाठी त्याच्याकडे दोनदा शब्द टाकला होता. हे मला नंतर कळलं.

त्या वर्षी रमजानचा एकोणतिसावा रोजा शुक्रवारी येत होता. तीस रोजे होतील, शनिवारीही रोजा, रविवारी ईद, असं सगळे धरून चालले होते. शुक्रवारी बिबट्यांचा उपास, शनिवारी रुस्ताकच्या खाटकाकडून मांस येईल, असा माझा हिशोब. बाई दार्सैतला बहिणीकडे गेल्या होत्या आणि शनिवारी रात्री परतणार होत्या. शुक्रवारी संध्याकाळी चांद दिसला. ईद शनिवारीच. खाटीक बंद. मांस आदल्या दिवशीच मागवून ठेवायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं. फ्रीजरमध्ये थोडं होतं, ते पिल्लं असलेल्या मादीला गेलं. बिन्त आणि घरजावई दुसऱ्या दिवशीही उपाशी.

त्या रात्री बाईंचा फोन आला. "ईद मुबारक रे. तुझा चांद मला फसवून गेला. सकाळी निघते. मी येईपर्यंत थांब, मग नमाज चुकली तरी जेवायला तरी जाशील. आणि कशाला हात लावू नकोस."

"मांस नाही आलं, बाई."

"मी येताना कोंबड्या घेऊन येते. काळजी करू नकोस."

सालेम आपल्या माणसांत गेला होता. सकाळी मी एकटाच. नमाज आटोपून मुदीर आला, पांढरेशुभ्र कपडे, बरोबर अर्बाबचे पाहुणे, त्यांची मुलं, अत्तराचा घमघमाट. पाहुण्यांनी विचारलं, हे दोघे नवरा-बायको वेगळे का? हशा झाला. मुदीर मला म्हणाला, "खोत, खोलो. ईद है."

मी म्हणालो, "सर, मॅडम आ रही है."

"मॅडम इधर मुदीर है या मैं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात, "तुम्हारा फॅमिली का पेपर मेरे टेबल पर है. ईद के बाद आओ."

त्याने मला धमकी दिली नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की धमकी होती. नव्हती. मी 'नाही' म्हणालो असतो तर तो चिडला असता, पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलला असता. एवढंच. मी दाराची साखळी ओढली.

बिन्त मागे सरकली, कान पाडून. नराने एकच झेप घेतली. मी पाण्याचा पाइप सोडला, लोखंडावर लोखंड आपटलं, ओरडलो. त्याने मान सोडली तेव्हा बिन्तमध्ये जीव राहिला नव्हता. पाहुण्यांची मुलं रडत होती. कुणीतरी त्यांना गाडीकडे नेलं.

बाई दुपारी पोचल्या, तोवर नराला मी त्याच्या पिंजऱ्यात कोंडलं होतं. त्यांच्या गाडीत पिशवीभर कोंबड्या होत्या आणि माझ्यासाठी फुग्यांचा डबा. वसईकडे नाताळात पिठाचे गोळे तळून करतात ते फुगे. त्यांनी माझ्या ईदसाठी केले होते. त्या पिंजऱ्यात शिरल्या, बिन्तच्या डोक्याशी बसल्या, तिचे डोळे बंद केले आणि तिचा पंजा हातात घेऊन नखांतली माती काढत राहिल्या. मी बाहेर उभा होतो. त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

विचारलं ते मुदीरने, आपल्या खोलीत, आम्हा दोघांना समोर उभं करून. तेवढ्या वेळात त्याला वाट सापडली होती.

"खोत, मॅडमने बोला था ना, ईद के दिन खोलने को?"

खोलीत एसीचा आवाज. मी म्हणालो, "अइवा." हो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत, त्याला कळू नये म्हणून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "बायकोचा व्हिसा होणार का रे?"

मी होकाराची मान हलवली.

त्या मुदीरकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, हो, मीच सांगितलं होतं, माझा अंदाज चुकला. आणि बाहेर गेल्या.

पुढचं झटपट झालं. दिलेला नर त्या लोकांनी परत मागवला. बाकीच्या केंद्रांनी कळवलं की या बाई जोड्या ठरवणार असतील तर आम्ही जनावर देणार नाही. हमी त्यांच्या नावाची होती, ती मोडली होती. त्यांना कामावरून काढलं. जायच्या दिवशी त्या सगळे पिंजरे फिरल्या. सालेम रडला. तो त्यांना म्हणाला, "मॅडम, आप जल्दी कैसे किया?" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी गाडीत त्यांची बॅग ठेवली. त्या म्हणाल्या, "खोत, मांसाची पुढची सोय आधी बघत जा." तेवढंच.

त्या महिन्यात माझ्या कागदावर मुदीरची सही झाली. बायको आली, मुलगी आली. मुलगी मला पप्पा म्हणू लागली. शाळेत ती इंग्रजीत बोलायची, घरी अडखळत मराठी. एकदा तिने विचारलं, "पप्पा, तुमच्या लेपर्डला बेबी का नाही होत?" बायको हसली. मी उठून गॅलरीत गेलो.

दोन हजार सालानंतर एका सुट्टीत मी वसईला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. बाई अंगणात केळीला आधार लावत होत्या. टोपी तीच. मला बघून खरंच आनंद झाला त्यांना. जेवायला घातलं. सालेम कसा आहे, तीन नंबरचं पाणी आता तरी बदलतात का, मुलगी कितवीत. गावातले लोक कुत्रीमांजरं घेऊन येतात, असं म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या, "तिची पिल्लं फिकी झाली असती की गडद, सांगता येत नाही. तिच्यासारखी दुसरी बघितलीच नाही ना कुणी."

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी म्हणालो, "बाई, भाजी छान झालीय."

पुढे त्या आजारी पडल्या. त्यांच्या दार्सैतच्या बहिणीने मला तिथल्या हिंदू देवळाच्या रस्त्यावर गाठून सांगितलं की त्या गेल्या. बहीण म्हणाली, "तुमचं नाव काढायची ती. म्हणायची, एक चांगला मुलगा होता माझ्या हाताखाली." मी टॅक्सी थांबवून आत बसलो. कुठे जायचं ते टॅक्सीवाल्याला सांगता येईना.

त्यानंतर आमच्या केंद्रात एक तरुण साहेब आला, शेजारच्या देशातला, आता सगळ्या जोड्या तोच ठरवतो. हुशार, नम्र. नव्या पोरांना शिकवायला बसला. म्हणाला, घाई केली की काय होतं ते ऐका. पूर्वी इथे एक भारतीय बाई होती, तिने उपाशी नरापुढे मादी सोडली आणि एक अख्खा वंश कायमचा संपला. बाईंचं नाव त्याने स्पष्ट घेतलं. सगळ्या केंद्रांत नव्या माणसाला ही गोष्ट सांगतात, असंही म्हणाला. पोरं मान डोलावत होती. एकाने विचारलं, तिला एवढंही माहीत नव्हतं? साहेब म्हणाला, काही माणसांना धीर नसतो.

मी खुर्चीत बसून होतो. सालेम तेव्हा निवृत्त झाला होता. बाईंना बादलीवर बसलेलं पाहिलेला त्या खोलीत मी एकटाच होतो. तास संपला, साहेबाने माझ्याशी हात मिळवला, म्हणाला, तुम्ही जुने, तुम्हाला काही सांगायचं आहे का पोरांना? मी म्हणालो, नाही.

बिन्तचं मी काहीच फेडू शकत नाही, ते घर बंद झालं. बाईंचं फेडता येतं. इथे मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही, आणि माझंही पुरतं लिहिलेलं नाही. त्या साहेबाला आणि प्रत्येक केंद्राला त्यांचं नाव घेऊन आणि माझं नाव घालून कळवायचं आहे की दार मी उघडलं, त्यांना न विचारता, आणि विचारल्यावर खोटं बोललो. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.