तनुजाला माइल्ड आवडते

माझ्या मुलीच्या नाकाचा गुण सर्वांत आधी तिच्या आजीला कळला. तनुजा बालवाडीत असताना माझ्या सासूबाई, मालनबाई, दुधाचं पातेलं तिच्यापुढं धरायच्या आणि विचारायच्या, "सांग गं, तापवू का नको?" तिनं नाक मुरडलं की ते दूध हमखास नासायचं. आमच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी आठवड्यानं येतं. ड्रममध्ये साठवलेल्या पाण्याला वास कधी आला, तेही तीच सांगायची. त्यामुळं पुढं ती मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाली तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नोकरीचं. शेंद्र्याच्या एका बिअर कंपनीच्या लॅबमध्ये ती लागली.

"पाण्याची तपासणी असते, मम्मी. बाटल्यांची असते," ती म्हणाली. मीही नातेवाइकांना तेवढंच सांगत राहिले, पाण्याची तपासणी. शेजारचे गोकुळभाऊ म्हणायचे, "वहिनी, आपल्याला आठवड्यानं पाणी आन् बिअरला रोज! पोरीला म्हणावं, एक पाइप इकडं पण सोड." मी हसून वेळ मारून न्यायचे.

वर्षभर तसं निभावलं. मग कंपनीनं चव ओळखणाऱ्यांची परीक्षा घेतली. एकसारख्या दिसणाऱ्या ग्लासांमधून वेगळा कोणता, ते सांगायचं. तनुजा एकदाही चुकली नाही आणि तिला चाखणाऱ्यांच्या पॅनलवर घेतलं. ती पेढे घेऊन आली. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"चव घेऊन थुंकतेस ना?" मी विचारलं.

"नाही मम्मी. बिअरचा कडूपणा पार घशाशी कळतो. घोट गिळावाच लागतो. पण थोडाच असतो."

"थोडा म्हणजे?"

"खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं."

आम्ही बौद्ध आहोत. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे, आणि आमच्या विहारात पंचशील देते ती तनुजाच. नववीत असल्यापासून. ती माईकवर एक ओळ म्हणते आणि सारा विहार ती ओळ तिच्यामागं म्हणतो. तिचे पालीचे उच्चार इतके स्वच्छ की महिला मंडळाच्या आशाबाई हे काम दुसऱ्या कुणाला देतच नाहीत. वैशाख पौर्णिमा तोंडावर आली होती. त्या दिवशी ती पाचव्या ओळीचं काय करणार, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी मनाची समजूत घातली, की हे काम आहे. नर्स रोज रक्त बघते, म्हणून तिला रक्त आवडतं असं थोडंच आहे? तेवढ्याच आधारासाठी एकदा जेवताना मी विचारलं, "तुला ते आवडत नसेल ना गं? कामापुरतंच?"

तनुजा नेहमीसारखी विचार करून बोलली. "स्ट्राँग नाही आवडत. माइल्ड आवडते."

तिचे पप्पा राजेंद्र वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहेत. त्यांचा घास तोंडाशीच थांबला. "माइल्ड? ते काय, पाणी! त्यापेक्षा माणसानं सोडा प्यावा."

"आणि स्ट्राँगमध्ये काय असतं पप्पा? गोडसर लागते आणि घसा पोळतो. बिअरमध्ये काही बिघडलेलं असलं तरी त्यात लपून जातं. माइल्डमध्ये काही लपत नाही. शिळी असली की लगेच ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते."

"अगं, पण लोक स्ट्राँगच मागतात. बाटली तेवढीच, किक डबल. माइल्ड मागितली की वेटर पण विचारतो, साहेब, तब्येत बरी आहे ना?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे... कंपनीतली पोरं सांगतात," ते म्हणाले आणि वरणाची वाटी जवळ ओढली.

"पप्पा, शनिवारी तुम्ही बडीशेप खाऊन येता, पण वास बडीशेपेच्या वर येतो," तनुजा शांतपणे म्हणाली.

त्यांचे शनिवार मला लग्नापासून माहीत होते. आम्ही कधी त्याबद्दल बोललो नाही. पण त्या दिवशी मला बोचलं ते वेगळंच. 'चाखते' या शब्दाशी मी कसंबसं जुळवून घेतलं होतं. 'आवडते' मला झेपेना. कन्नडला माझा भाऊ धम्मपाल होता. तोही आधी म्हणायचा, "ताई, हलकीच घेतो, त्यानं काय होतंय?" ती हलकी कधी जड झाली, ते त्यानं आम्हाला कळू दिलं नाही. कळलं तेव्हा पाण्याचा ग्लास धरतानाही त्याची बोटं थरथरत होती आणि लिव्हर गेलेलं होतं. पोराच्या दहावीचा निकालही त्यानं पाहिला नाही.

मी आशाबाईंकडं गेले. म्हटलं, "तनुजाचा घसा बसलाय हो. यंदा पंचशील दुसऱ्या कुणी दिलं तर?"

"पौर्णिमेला अजून टाइम हाय की! सुटंल तवर. लई काळजी करती बाई तू," असं म्हणून त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी माझ्या हातात ठेवली.

ती पुडी तनुजाला ओट्यावर सापडली. "माझ्या घशाला काय झालंय, मम्मी?"

मी खरं ते सांगितलं. तिनं ज्येष्ठमधाची एक काडी दातात धरली. "मीच म्हणणार आहे," ती म्हणाली. "जेवढं म्हणता येईल तेवढं."

हे 'जेवढं' किती, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पौर्णिमेपर्यंत रोज भाजीत मीठ कमी-जास्त होत राहिलं.

त्या संध्याकाळी विहार भरून गेला होता. एका बाजूला पांढऱ्या साड्या, दुसऱ्या बाजूला पुरुष मंडळी. तनुजानं पहिलं शील म्हटलं, सगळ्यांनी ते मागं म्हटलं. दुसरं, तिसरं. मग चौथं, खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि." एवढी माणसं एका आवाजात म्हणाली. आणि तनुजानं माईक खाली केला, हात जोडले, मान झुकवली.

कुणीतरी खोकलं. माईक बंद पडला असं समजून गोकुळभाऊ उठले आणि वायर चाचपायला लागले. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं आवाज आला, माईकशिवाय, थोडा कापरा. "सुरामेरयमज्ज..." राजेंद्र होते. पुढं 'पमादट्ठाना'वर अडखळले, पुन्हा मागं जाऊन सुरू केलं, पण शेवटपर्यंत म्हटलं. सगळा विहार त्यांच्यामागं म्हणाला. एक तनुजा सोडून. गोकुळभाऊ माईकवर टिचक्या मारत म्हणत होते, "हॅलो, हॅलो, चालू तर हाय की!"

खीर वाटायच्या वेळी आशाबाई आल्या. "काय गं, माईक बिघडला का घसा?"

'घसा' माझ्या ओठावर आला होता. तनुजा आधी बोलली. "दोन्ही नीट होतं काकू. मी कामावर बिअर चाखते. चौथं शील घ्यायचं आणि लगेच पाचव्याला खोटं बोलायचं, ते मला जमलं नाही."

आशाबाईंनी हातातली पळी खिरीच्या पातेल्यात सोडली. "व्हय? मंग पुढल्या पौर्णिमेला दुसरी पोरगी बघावी लागंल."

"हो काकू."

"आवाज लई ग्वाड व्हता तुझा."

तनुजानं मान हलवली आणि खिरीचे द्रोण वाटायला घेतले. बहुतेक बायकांनी तिच्या हातून घेतले. एक-दोघी मात्र पलीकडच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. ते तिनंही पाहिलं. तिनं पुढचा द्रोण भरला.

घरी येताना राजेंद्र भराभर पुढं गेले. तनुजा माझ्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, "मम्मी, मला आवडते हे मी सांगितलंच नसतं, तर तुला बरं वाटलं असतं का?"

खरं सांगायचं तर 'हो' असंच मनात आलं. मग धम्मपाल आठवला. त्यानं तेच केलं होतं, आम्हाला बरं वाटत राहील एवढंच सांगितलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "सांगत जा. कुठली घेतली, किती घेतली, सगळं सांग."

तेव्हापासून ती सांगते. कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली, पर्स खुंटीला अडकवली की सांगते, "आज माइल्ड होती, ताजी, मस्त." मी तिच्या डोळ्यांकडं बघते, चालण्याकडं बघते आणि चहा टाकते. विहारात ती जाते, पण आता मागच्या रांगेत बसते. राजेंद्र शनिवारी कधी घरी असतात, कधी नसतात. नसतात तेव्हा बडीशेप मात्र खाऊन येत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी भाकरी थापत होते. ती ओट्याला टेकून म्हणाली, "आज स्ट्राँगची पाळी होती. पहिल्यासारखी वाईट नाही लागली."

"पहिल्यासारखी नाही म्हणजे?"

"सवय होत असेल जिभेला," ती सहज म्हणाली आणि पाणी मागितलं.

सांगत जा असं मीच म्हटलं होतं, म्हणून रागावता येईना. पिठाचे हात धुऊन मी तिला पाणी दिलं. तिनं ग्लास तोंडाला लावला, आणि तो रिकामा होईपर्यंत मी तिच्या बोटांकडं बघत राहिले, ती थरथरतात का म्हणून.