सरांचा खुंटा

"हा आपला खुंटा!" असं म्हणून खेळाच्या सरांनी माझ्या कमरेला रस्सीचं टोक गुंडाळलं आणि अख्खं मैदान हसलं. मीही हसले. सातवीत होते. वर्गातली सगळ्यात जाड पोरगी. एरवी खेळाच्या तासाला सर मला लिंबाखाली पोरींच्या चपला राखायला बसवायचे. रस्सीखेच आली की मात्र माझी आठवण व्हायची. शेवटाला वजनदार पोर लागतं ना.

तालुक्याच्या स्पर्धेआधी सर लय माया करायचे. दुपारच्या खिचडीचं दुसरं ताट स्वतः वाढायचे. केळी द्यायचे. "खा बेटा, लाजू नको."

आई सरांच्याच रानात कापूस वेचायला जायची. तिला किती बरं वाटायचं! म्हणायची, "एवढा मोठा माणूस आपल्या लेकराला हातानं वाढायलाय. त्यांचा शबूद मोडू नको." मी मोडला नाही. जिना चढताना धाप लागायची, तरी खायचे. मी सरांची लाडकी आहे, असं मला खरंच वाटायचं.

एका सकाळी लवकर शाळेत गेले. सर त्यांच्या मुलीला मैदानावर पळवत होते. ती माझ्याच वर्गातली. मी दप्तर खाली ठेवलं. म्हणाले, "सर, मलाबी पळायचंय."

सरांनी माझा गालगुच्चा घेतला. "तू पळून बारीक झालीस तर रस्सी कोण धरंल? तू खा. पळायला ही हाय की."

सर रागावले असते तर परवडलं असतं. प्रेमानं बोलले. स्वतःच्या लेकीला पळवायचं आणि मला चारायचं. विकायच्या बोकडाला चारतात तसं. त्या दिवशी खिचडीचं दुसरं ताट मी घेतलं नाही. फसवलं होतं मला. माझ्या आईलाही.

स्पर्धेच्या दिवशी सर रस्सी घेऊन आले. कमरेला वेढा घातला. मी तो सोडला आणि त्यांच्या हातात दिला.

"मी न्हाई बांधून घेणार."

"येडी झालीस का? आईला सांगू का तुझ्या?"

"सांगा."

मी जागची हलले नाही. आम्ही हरलो. पोरींनी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी आईला रानातून परत पाठवलं. ती माझ्यावर चिडली, रडली. तिला दोष देत नाही. तिचा रोज बुडाला होता.

आता कॉलेजात आहे. सकाळी जिंतूरच्या रस्त्याला पळते. अजून जाडच आहे. ट्रॅक्टरवरची पोरं शिट्ट्या मारतात. परवा सर गाडीवरून चालले होते. वेग कमी करून म्हणाले, "शाबास! पळ, पळ. बारीक हो."

मी थांबले नाही. बारीक व्हायला पळत नाही मी. तेव्हा पळायचं होतं, पळू दिलं नाही, म्हणून पळते. त्यांची शाबासकी मला नको. माझ्या अंगाचं काय करायचं ते मीच ठरवणार. ज्याला बघवत नाही, त्यानं रस्त्याच्या खाली उतरावं.